विनोदभाऊंच्या कॉलेजातर्फे मी

माझ्या अख्ख्या कॉलेजातला एकच माणूस मी डोळ्यांनी पाहिला होता. तो मेला.

मागच्या आठवड्यात. हार्ट अटॅक. वय एक्केचाळीस.

बॅचच्या ग्रुपवर मीच टाकलं. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. पाचव्या मिनिटाला एकानं विचारलं, डुप्लिकेट मार्कशीट कशी काढायची?

त्याला तरी काय बोलणार? कोणी कोणाला ओळखतच नव्हतं. ऑनलाइन बी.कॉम. होतं आमचं.

मी फुलचूरची, विनोदभाऊ मुर्रीचे. मध्ये फक्त गोंदिया. पण ओळख झाली नागपुरात, परीक्षेच्या सेंटरवर, २०२२ साली. तिथं आमच्या कॉलेजचे आम्ही दोघंच होतो. माझ्या हॉल तिकिटावरचा पत्ता वाचून मागून आवाज आला, "अवो, फुलचूर म्हनजे आपलं फुलचूर का?"

त्यानंतर प्रत्येक परीक्षेला आम्ही एकाच गाडीनं गेलो. मला नावानं हाक कधी मारलीच नाही त्यांनी.

"का क्लासमेट, झालं का बिझनेस लॉ?"

भाऊ राइस मिलच्या वजनकाट्यावर बसायचे. एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंत मोबाइलवर लेक्चर. शेठ म्हणायचे, "पढ़-लिख के भी काटे पे ही बैठेगा ना?" भाऊ हसायचे. मला संताप यायचा, त्यांना नाही.

त्यांना लागायचं ते वडिलांचं.

वडील गवंडी. जन्मभर लोकांच्या भिंती उभ्या केल्या. त्यांचं एकच म्हणणं, "बिल्डिंग दाखव मले. गेट नाही, मास्तर नाही, घंटी नाही. कोनीतरी तुले फसवून राहिलं."

निकाल लागला. भाऊंना माझ्यापेक्षा जास्त मार्क. घरी मार्कशीट दाखवली तर वडील म्हणाले, "असे कागद तं स्टेशनसमोर बी छापून भेटतात."

मग भाऊ एका शाळेत क्लार्कच्या इंटरव्ह्यूला गेले. परत आल्यावर फोन केला.

"हासले नाही वो ते. चहा बी पाजला. रेग्युलर नाही का, एवढं विचारलं आन् फाइल बंद केली."

त्याच डिग्रीवर मला नागपुरात नोकरी लागली. फॉर्मवर ग्रॅज्युएट आहे का, इतकंच विचारलं होतं.

आजकाल जो तो विचारतो, ऑनलाइन डिग्रीनं करिअर होतं का? मला काय माहीत बाबा! माझं झालं. भाऊंचं नाही झालं. आणि अभ्यास त्यांनी जास्त केला होता.

मला त्यांनी एकच काम सांगितलं होतं.

"एकदा घरी ये. बाबासमोर बस. कॉलेज खरं हाय म्हनून सांग. बिल्डिंग नाही दिसत, तू तं दिसते."

"येते भाऊ. दिवाळीत नक्की येते."

दोन दिवाळ्या गेल्या. दोन्ही वेळा फुलचूरला आले. मुर्रीला नाही गेले.

काऊन? सांगते.

ऑफिसात मी सांगितलंच नाही की डिग्री ऑनलाइन आहे. लंचमध्ये सगळे आपापल्या कॉलेजचे किस्से सांगतात. मीही सांगते. मी मनानंच एक कँटीन उभं केलंय. त्यात समोसे आहेत, एक खडूस काका आहे, माझ्या तीन मैत्रिणी आहेत.

एवढं खोटं बोलल्यावर खऱ्या क्लासमेटच्या घरी जायची लाज वाटायला लागली. ऑफिसवाले हे वाचत असतील तर वाचा. आता काही फरक पडत नाही.

संध्याकाळी खोलीवर आलं की त्या तीन मैत्रिणींपैकी एकीचाही फोन येत नाही.

भाऊंचा यायचा.

आज मुर्रीत भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली. मग एकेकजण उठून बोलू लागला. गावातर्फे एक काका बोलले. मिलतर्फे एक हमाल बोलला, फार छान बोलला. मग माइकवाल्यानं वहिनींनी दिलेली चिठ्ठी वाचली.

"विनोदभाऊच्या कॉलेजातर्फे कोनी?"

वडिलांनी मान खाली घातली.

मी उठले.

"मी कॉलेजातर्फे. भाऊ माझे क्लासमेट होते. आमच्यात तेच हुशार होते."

एवढंच बोलले. रडत खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर वडील काठी टेकत माझ्यापाशी आले.

"पोरी, तू त्याच्या वर्गातली?"

"हो बाबा."

"म्हनजे कॉलेज होतं?"

"होतं बाबा."

"बाकीचे काऊन नाही आले?"

"सगळे दूरदूरचे आहेत."

"आन् तू?"

"मी नागपूरला असते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग परवडला असता.

"नागपूर कोठं दूर हाय, माय? तो होता तवा येवाचं होतं. मी त्याले कधी शाबास म्हनलो नाही वो."

चुकलं भाऊ. फार चुकलं.

विनोदभाऊ, बी.कॉम.,
तुमच्या एकुलत्या एका क्लासमेटचा शेवटचा जय भीम.