रविवारी दुपारी सिस्टर चोर व्हायच्या

माझ्या धाकट्या दिरानं अमेरिकेहून येताना खेळाचा एक डबा आणला आणि परत जाताना तो आमच्या नाचणगावच्या घरी विसरला. ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. डब्यात ना पट होता, ना सोंगट्या. एक इंग्रजी पुस्तक होतं आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे. एकाला तर वीस बाजू. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून ते पुस्तक माझ्याच गळ्यात पडलं. दिवाळीच्या सुट्टीत मी ते वाचून काढलं.

खेळ असा, की प्रत्येकानं कोणीतरी दुसरा माणूस व्हायचं. लढवय्या, वैद्य, मांत्रिक, चोर. एकानं गोष्ट सांगायची: समोर काय दिसतंय, कोण आडवं आलंय. बाकीच्यांनी आपला माणूस काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं, हे फाशावर ठरायचं. गोष्ट सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

खेळायला चौघं जमले. माझे यजमान, शेजारचे निवृत्त रेल्वे गार्डकाका, आमच्या शाळेतले गणिताचे सर आणि दवाखान्यातल्या सिस्टर. रविवारी जेवणं आटोपली की आमच्या पडवीत सतरंजी पडायची.

खेळ एकच होता, पण चौघं चार वेगळे खेळ खेळत होते, हे कळायला मला बरेच रविवार लागले. सरांना जिंकायचं असायचं. पुस्तकातला नियम माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे आणि मगच फासा टाकायचे. काकांना लढाईत काडीचा रस नव्हता. शाळेच्या जुन्या पेपरांच्या पाठीवर ते नकाशा काढत बसायचे. "ही वाट फुटते कुठं, पोरी? तिकडं काय हाय?" मी वैतागून एकदा विचारलं, तर म्हणाले, "जिंदगी गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. जे पाह्यलं ते मागं जातानाच पाह्यलं. आता पुढचं पाहून घेतो."

यजमान पुलगावच्या कापड मिलमध्ये मागावर होते. तिथल्या खडखडाटात बोलून उपयोग नसे, आणि ती सवय घरीही आलेली. खेळातही त्यांचा एकच शब्द असायचा, "मारतो." राक्षस असो की वाट सांगणारा म्हातारा, "मारतो." पण त्या शब्दानंतर ते असे खदखदून हसायचे, की मला त्यांचं नवल वाटायचं.

सिस्टरांना सगळ्यांनी वैद्य व्हा म्हणून आग्रह केला. त्या म्हणाल्या, "नाई बाप्पा. हप्ताभर तेच करून राह्यली मी. मले चोर करा." एरवी खाली मान घालून बोलणारी ही बाई चोर झाली की थापा मारायची, पहारेकऱ्याला गंडवायची, राजाच्या तोंडावर खोटं बोलायची. फासा टाकायचं विसरून बोलत राहायची. सर चुळबुळत, "अहो, फासा टाका!"

आणि मी? मी दमून जात होते. सहा दिवस शाळा, संध्याकाळी वह्या, त्यात शनिवारी भाकऱ्या थापता थापता उद्या त्या गुहेत काय असेल याचा विचार. काकांना नवी वाट हवी, सरांना कोडं हवं, यजमानांना मारायला कोणीतरी हवं, सिस्टरांना बोलायला कोणीतरी हवं. चौघांची सरबराई करावी, तसा तो खेळ मी चालवत होते.

मार्च महिना होता. वार्षिक परीक्षेचे पेपर घरभर पसरलेले. त्या रविवारी माझ्याकडे गोष्टच नव्हती. सिस्टरांचा चोर नदीवरच्या दोरखंडाच्या पुलावर उभा होता आणि पलीकडच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता. पहारेकरी म्हणून उत्तरं मीच द्यायची. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझं डोकं ठणकत होतं.

"पूल तुटला," मी म्हणाले. "चोर खाली पडला. मेला."

सर हळूच म्हणाले, "बाई, फासा नाही टाकला."

सिस्टरांनी आपला कप विसळून ठेवला, "येते," म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेले. त्या कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

"काऊन नाई आल्या?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसानं येऊन काय करावं, बाई?" त्या हसल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "मरायचं काई नाई. इथं रोज पाह्यते. पण मले वाटलं, तुमी मले कंटाळल्या. तिथं मी बोलते तर सगळे ऐकतात. इथं मले कोणी ऐकत नाई, नुसतं बोलावतात."

"तुम्हाला नाही कंटाळले हो," मी म्हणाले. "मी दमले. चुकलंच माझं."

त्यांनी हातातला बोळा डब्यात टाकला. "तुमाले त्या खेळात काय आवडते?" त्यांनी विचारलं.

मीही थोडा कापूस घेऊन बोळा वळू लागले.

"मग या रविवारी मी सांगते गोष्ट. तुमी खेळजा."

सिस्टरांनी गोष्ट फारच वाईट सांगितली. कोण कुठं उभं आहे तेच विसरायच्या. काका नकाशावर बोट ठेवून आठवण करून द्यायचे. माझी पाळी आली. मी एक वाटसरू बाई झाले होते. "समोर जंगल हाय. काय करता?" सिस्टरांनी विचारलं.

"झाडाखाली झोपते."

"यात खेळ कुठे आला?" सर म्हणाले.

"झोपू द्या तिले," सिस्टर म्हणाल्या.

आणि यजमान, ज्यांच्या तोंडून आजवर एकच शब्द निघाला होता, म्हणाले, "मी राखण करतो."

मी खाली मान घालून पदराशी चाळा करत राहिले. डोळे भरून आले होते आणि सरांना ते दिसायला नको होतं.

त्यानंतर आम्ही पाळीनं गोष्ट सांगू लागलो. सरांच्या गोष्टीत नुसते सापळे असायचे. काकांच्या गोष्टीत काहीच घडत नसे, फक्त गावं लागत जायची. यजमानांनी कधीच सांगितली नाही. माझा थकवा काही गेला नाही, तो नोकरीचा आणि घराचा होता. पण रविवारची धास्ती गेली.

पावसाळ्यात सिस्टरांची बदली जाम गावच्या दवाखान्यात झाली, त्यांच्या जागी कोणी मिळालं नाही आणि खेळ बंद पडला. वर्षभरानं त्या एकदा येऊन गेल्या. उभं राहून राहून त्यांच्या पायांना सूज आलेली. चहा झाला, बदल्यांचं बोलणं झालं, खेळाचा विषय कोणी काढला नाही. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "तिकडं खेळणारं कोणी नाई, बाई."

"शिकवा ना कोणाले."

"पाह्यते," त्या म्हणाल्या, तेवढ्यात बस आली आणि जागा धरायला त्या पुढे झाल्या.