गिरणीच्या बेरिंगांवरची छकडी आणि कुरखेड्याचा पट

कुरखेड्याच्या शंकरपटाला जायचं, हे आमच्या घरात कोणी मला विचारून ठरवलं नव्हतं. पण रस्त्यात भाकरी मी थापणार होते आणि पटाच्या छकडीवर बसणार होता माझा धाकटा भाऊ गणपत. म्हणून काळजी करायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी सांगते आहे, नात टाइप करते आहे. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या समजा.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव पट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. जोडीमागे हलकी दोन चाकांची छकडी, तिच्यावर एक माणूस. नातीचे आजोबा, माझे मालक, चामोर्शीचे वाढई, म्हणजे सुतार. त्यांच्या डोक्यात भरलं होतं, की चाकाचा लाकडी तुंबा, म्हणजे मधला गड्डा, आसावर घासतो आणि बैलांचं निम्मं बळ त्या करकरीतच जातं. मोडलेल्या धानगिरणीची बेरिंगं त्यांनी मिळवली, तिवसाच्या लाकडाच्या तुंब्यात घट्ट बसवली, आरे बारीक केले. चाकाला बोट लावलं की माझा भात शिजायला लागला तरी ते फिरतच असे. चाचणी घेतली आमच्याच धानाच्या बांधीत. माती मऊ, पुढे धुऱ्याचा बांध. छकडी तिथे जाऊन आपोआप थांबायची, म्हणून थांबण्याचा विचार कोणी केलाच नाही.

पहिल्या दिवशी चामोर्शीहून उजाडताच निघालो. मोठ्या गाडीत बैलांसाठी तणस, तांदूळ, अंथरूण आणि मी. छकडीची दांडी दोरानं आमच्या गाडीमागे टांगलेली. पटाचे बैल दमू नयेत म्हणून गणपत त्यांना मोकळे चालवत होता. गडचिरोलीपर्यंत नुसता फुफाटा. आता बस तुम्हाला दुपारच्या आत पोचवते; आम्हाला तीन दिवस लागले. तुम्ही जाणार असाल तर तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी सोबत घ्या, दोन्ही धूळ खाऊनही चवीला टिकतात.

दुसऱ्या दिवशी कठाणी नदीचा उतार लागला. मी गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते. सपाटीवर छकडी वासरासारखी मागे येत होती. उतार लागताच ती धावत आली. मी पाय वर घेतले आणि दांडी आमच्या फळीवर धाडकन आदळली.

"अवो, तुमची छकडी मले माहेरी पोचवून राह्यली का?" मी ओरडले.

आजोबांना हसू आलं, भारी अभिमानाचं. पुन्हा आदळली तेव्हा माझं हसू मेलं. पटात माझ्या जागी बैल असणार. बैल थांबले आणि छकडी नाही थांबली, तर जू मानेवरून शिंगांवर चढणार, बैल तोंडावर पडणार आणि गणपत त्यांच्यावरून पुढे.

"हे थांबन कशी?" मी विचारलं.

"पट धावाचा असते वं, थांबाचा नाई."

"बाई, तू काऊन घाबरून राह्यली?" गणपत म्हणाला. "मी उडी मारीन."

"कुठी मारशीन गा? चाकाखाली?"

आरमोरीला थांबलो. तिथे एका आण्याला चहा मिळाला, गोड आणि धुराच्या वासाचा.

कुरखेड्याला पोचलो तर गावात पाहुणेच पाहुणे, भज्यांच्या कढया, नाटकाचा मांडव. मी आधी पट पाहिला. दोन सरळ चाकोऱ्या, शेवटी झेंडी, आणि झेंडीच्या पलीकडे जमीन नाल्याकडे उतरलेली. मी आजोबांना तिथे नेलं. त्यांनी रिकामी छकडी झेंडीपासून हलकेच ढकलली. ती झुडपांत शिरेपर्यंत गेली.

"रिकामी आहे," ते म्हणाले. "बैलांनी धरली असती."

मी झुडपांतून छकडी ओढायला लागले. बोलले असते तर ते हट्टाला पेटले असते, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. थोड्या वेळानं त्यांनीच बैल बांधायचा अंबाडीचा दोर मागितला. त्याचे पेड सोडले आणि चाक जड फिरावं म्हणून तुंब्याच्या तोंडाशी ठासून भरले. बोटानं चाक फिरवून पाहायचे, आणखी ठासायचे. महिनाभराची कारागिरी ते स्वतःच्या हातानं आवळत होते. तोंड आंबट चिंच खाल्ल्यासारखं.

"हरलो तं तुह्या माथी."

"द्या माथी. एवढा मोठा अंबाडा कशाले आहे?"

धावण्याची वेळ आली तेव्हा मी पटाकडे पाहिलंच नाही, पायाच्या बोटांकडे पाहत राहिले. शेजारच्या छकडीचा लाकडी तुंबा किंचाळत होता, त्यावरून कोण कुठे आहे ते कळत होतं. झेंडीपाशी किंचाळी पुढे होती. आम्ही हरलो. मग मी मान वर केली. आमची जोडी उतार उतरत होती, पळता पळता चालायला लागली, नाल्याच्या अलीकडे उभी राहिली. गणपत खाली उतरला. तुंब्यातून जळक्या अंबाडीचा वास येत होता.

"मोकळी असती तं जिंकली असती," आजोबा म्हणाले.

"असती," मी म्हटलं.

हे त्यांनी पुढे जन्मभर ऐकवलं, पाहुण्यांसमोर तर हमखास. मी दर वेळी "असती" म्हणत आले. ती छकडी बैलांवर चढली असती का? नाही सांगता येत. पटात ती कधी मोकळी पळालीच नाही. परतीचा रस्ताही तोच होता, पण मला तो आठवत नाही. आठवतं ते घरचं. चामोर्शीला पोचलो त्या संध्याकाळी गणपत भिंतीला टेकून जेवायला बसला, दोन्ही पाय लांब पसरून. भात मागितला, वाढला. पुन्हा मागितला.

"हरून आला अन् येवढी भूक?" मी म्हटलं.

"जितलो असतो तं लोकायनं खाऊ घातलं असतं," तो म्हणाला. "आता तूच वाढ."

मी भाताचा गंज त्याच्या ताटावर उलटा केला.