महायुद्धाच्या कादंबरीतला आवडता उतारा

मंडळी, आज सकाळी पलूसला एका वाचक मंडळाने 'महायुद्धावरची माझी आवडती पुस्तकं' असा कार्यक्रम ठेवला होता.

माझ्या म्हाताऱ्या आत्याला खास बोलावणं होतं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढताना गेले. तिला शाल-नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं.

मग वक्त्यांनी ब्रह्मदेशातल्या लढाईवरच्या एका कादंबरीतला आपला सर्वात आवडता उतारा वाचला. जंगलात मागे टाकलेले जखमी जवान भुकेने कमरेचे पट्टे चघळतात, जिवंतपणीच त्यांच्या जखमांत किडे पडतात. आवाज काय लावला होता गड्याने. टाळ्याही पडल्या.

आत्या उभी राहिली. "आवं सर, आमच्या बाबास्नी गोळी लागली हुती. जागच्या जागी गेलं, म्हणून आई सांगायची."

वक्ते हसले. "आजी, घरच्यांना तसंच सांगायची पद्धत होती. खरं काय ते या पुस्तकात आहे."

आणि फोटोसाठी त्यांनी तिची शाल नीट केली.

घरी आल्यावर तिला भाकरी वाढली, तर तिनं ताट सरकवलं. इतकी वर्षं तिचा बाप एका क्षणात मेला होता. आज सकाळपासून तो मरतोच आहे.

तुमचा आवडता उतारा कोणता?