लहानू मिस्तरी आणि बंद डिस्क

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला मखमलाबादच्या शिवारात डिझेल इंजिन बंद पडलं, की मळेवाला आधी इंजिनाला शिव्या घालायचा आणि मग लहानू मिस्तरीला बोलवायचा. लहानूच्या भावांनी वडलांमागे झेंडू-गुलछडीचा मळा सांभाळला. लहानूला मात्र पोरवयापासून फुलांपेक्षा ग्रीसचा वास बरा वाटे. तो सायकलवरून यायचा, पेचकसाचं टोक धडधडत्या इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "नोझल गेलंय," म्हणायचा, आणि नोझलच गेलेलं असायचं.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "उघडल्याबिगर कळत नाय." लग्नात सासऱ्याने दिलेलं घड्याळ त्याने अंगावरची हळद उतरायच्या आत उघडून पाहिलं होतं, आणि त्याची बायको सखुबाई हे आल्यागेल्याला अजून ऐकवते. बंद वस्तू समोर आली, की या माणसाच्या बोटांना खाज सुटायची. पण त्यात दिमाख नव्हता. उघडायचं, पुसायचं, थेंबभर तेल द्यायचं, पुन्हा जसंच्या तसं मिटवायचं; निम्मी दुनिया एवढ्यावर दुरुस्त होते, असा त्याचा भाबडा विश्वास होता. आणि त्या काळातली दुनिया खरंच होतही होती.

मग बोअर आले आणि बोअरमध्ये सोडायच्या मोटारी आल्या. जमिनीच्या पोटात जाऊन बसलेल्या मोटारीला कान कुठून लावणार? मोटार जळाली की वर काढायची आणि वायंडिंगवाल्याकडे टाकायची, मिस्तरीचं त्यात काही काम उरलं नाही. दोन हजार पाचपर्यंत लहानूच्या ओट्यावर बायकांचे मिक्सर आणि द्राक्षवाल्यांचे फवारणीचे पंप, एवढंच यायला लागलं. लोक रस्त्यात भेटले की अजून 'मिस्तरी' म्हणायचे, पण बोलवायचं कोणी नाही. ज्याला कोणी बोलवत नाही तो कसला मिस्तरी, हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तो दिवसभर चिडचिड करायचा.

एक रूपाली मात्र बापाला विचारायची. त्याची ही एकुलती लेक भूगर्भशास्त्र शिकली आणि कॉलेज रोडवरच्या एका पाण्याचं काम करणाऱ्या संस्थेत लागली. कळवण-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जायचं, वजन बांधलेला टेप विहिरीत सोडायचा आणि भर उन्हाळ्यात पाणी किती खाली गेलं ते नोंदवायचं, असं तिचं काम होतं. सलग दोन उन्हाळे मोजायचे होते. ते आकडे दिवाळीपर्यंत संस्थेत दिले की छायाताई, म्हणजे संस्था चालवणाऱ्या बाई, तिला कायम करणार होत्या. घरात लग्नाचा विषय निघाला की रूपाली म्हणायची, "आधी माझ्या विहिरी होऊ द्या."

कागद विहिरीच्या काठावर उडतात, भिजतात. म्हणून लहानूने तिला एक लॅपटॉप घेऊन दिला. एम. जी. रोडवर संतोष नावाच्या पोराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्याने तो मुंबईहून आणला होता. कुठल्यातरी परदेशी कंपनीने वापरून टाकलेला, काळा, जाडजूड, वर पेटीसारखी मूठ. संतोषने तो टेबलाएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकून दाखवला, आणि लहानू त्याच्या प्रेमातच पडला. आजकालच्या नाजूक वस्तूंमध्ये इंजिनाच्या जातीचं काहीतरी त्याला पहिल्यांदा दिसलं. रूपालीने त्यावर दोन उन्हाळे काम केलं. गाडीवर बांधून नेला, उन्हात ठेवला, धुळीत ठेवला. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस पेठच्या घाटात गाडी घसरली. रूपालीचा गुडघा फुटला. लॅपटॉपला वरून ओरखडाही नव्हता, फक्त पेनड्राईव्ह लावायची खाच मोडली होती. खाच दुरुस्त झाली की सगळं उतरवून घेऊ, असं म्हणता म्हणता पावसाळा निघून गेला. आणि एके दिवशी लॅपटॉप सुरूच होईना. आतून नुसता आवाज यायचा, टक, टक, टक.

बापलेक तो घेऊन संतोषकडे गेले. संतोषने बाजूचं झाकण काढून हार्ड डिस्क बाहेर ओढली आणि कपाळावर हात मारला. या जातीच्या लॅपटॉपमध्ये डिस्कभोवती रबरी गादी असते, तिच्या जिवावरच तो आपटा सोसतो. ती गादी आधीच कोणीतरी काढून घेतली होती. बाहेरून पहिलवान आणि आतून पोकळ, असा तो दोन वर्षं फिरत होता.

लहानू घरी जाऊन ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आला. ब्लेडने त्याने अशी बेताची गादी कापली, की नवी डिस्क तिच्यात नीट रुतून बसली. संतोष म्हणाला, "मिस्तरी, कंपनीपेक्षा भारी!" किती वर्षांनी कोणीतरी असं म्हटलं होतं. मग संतोषने विंडोज टाकलं, खाच बदलली, आणि संध्याकाळी लॅपटॉप नव्यासारखा सुरू झाला. आत अर्थातच काही नव्हतं.

जुनी डिस्क संतोषने पिशवीत घालून रूपालीच्या हातात दिली. "ही आता कुठंही लावू नका. पुण्यात एक जण आहे, बंद पडलेल्या डिस्कमधलं काढून देतो. मी फोनवर आवाज ऐकवला त्याला. निघेल म्हणाला. मंगळवारी घेऊन जा."

डिस्क देवळीशेजारच्या फळीवर जाऊन बसली. रविवारी रूपाली कळवणला गेली, सखुबाई बाजाराला गेली आणि घरात लहानू आणि ती डिस्क असे दोघेच उरले.

त्याने दुकानात तो आवाज ऐकला होता. आत काहीतरी जागेवर न बसता पुन्हा पुन्हा आपटतंय, हे त्याच्या कानाने तेव्हाच सांगितलं होतं. आणि कान बरोबर सांगत होता. चांदणीच्या आकाराच्या बारीक स्क्रूंना बसेल असा पेचकस त्याने कानशीने घासून बनवला. झाकण उघडलं तर आत आरशासारखी लखलखीत चकती. लहानूने तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलं. चकतीवरचा काटा एका बाजूला अडकला होता. त्याने तो अलगद मोकळा केला. मऊ धोतराच्या फडक्याने चकती पुसली. मध्यभागी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. चकती बोटाने फिरवून पाहिली, गरगर फिरली. त्याने झाकण बसवलं आणि डिस्क होती तशी पिशवीत घालून ठेवली. रूपालीला सांगितलं नाही. पुण्याचा तो माणूस म्हणेल, "अहो, ही तर चालूच आहे," आणि मग आपण हळूच सांगू, असा त्याचा बेत होता. दुपारी बाजारातून परतलेल्या सखुबाईने त्याला शीळ घालताना ऐकलं.

मंगळवारी तो हट्टाने पुण्याला बरोबर गेला. तिथे काचेची खोली होती आणि आतला माणूस डॉक्टरसारखा टोपी घालून बसला होता. त्याने रूपालीकडून डिस्क घेऊन आत नेली आणि तो लगेच बाहेर आला. डिस्क त्याच्या हातात उघडी होती.

"ही कोणी उघडली?"

लहानूच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, ते तिथेच थांबलं.

"फडक्याने पुसलीय. वर तेल सोडलंय. बाई, याच्यावर साधी धूळ बसलेली चालत नाही, म्हणून मी काचेत बसतो. नुसता काटा अडकला होता, तो सोडवला की सगळं निघालं असतं. आता काही नाही निघणार. कोणी केलं हे?"

रूपालीने बापाकडे पाहिलं. त्याच्या अंगठ्याच्या नखात मशीनच्या तेलाची काळी रेघ अजून होती.

"मी," ती म्हणाली. "मीच उघडली."

'मी उघडली' हे दोन शब्द लहानूने जन्मभर मिरवले होते. त्या दिवशी ते लेकीने उच्चारले. नारायणगावला एसटी थांबली तेव्हा रूपालीने त्याला चहा आणून दिला. "रूपे..." तो म्हणाला. "घ्या आण्णा, गार होतोय," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. गेलेल्या उन्हाळ्यातलं पाणी आता कोण मोजणार? त्या विहिरी एव्हाना काठोकाठ भरल्या होत्या.

तिने संस्थेतही तेच सांगितलं, की घाई केली, मीच उघडली. छायाताई खूप चिडल्या. कायम करायचं रद्द झालं. पण शेवटी त्या म्हणाल्या, "चूक मोठी आहे, पण तू लपवली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यापासून पुन्हा मोजायला लाग. तोवर ऑफिसात बस." रूपाली घरी आली ती दमलेली, पण पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदाच दोन घास नीट जेवली.

लहानूला मात्र घास गिळेना. आपल्या पापाचं ओझं लेक वाहतेय, आणि आपण ओट्यावर बसून मिक्सर उघडतोय, याची त्याला लाज वाटायची. रात्रंदिवस वाटायची. शेवटी त्याने सखुबाईला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पोरीनं झाकलंय ना? मग तुम्ही आता उघडं करू नका. गप ऱ्हावा. तुमची लाज तुमच्यापाशी ठेवा."

शहाण्या बाईचं ऐकायला शहाणा नवरा लागतो. एका सकाळी लहानूने धुतलेला सदरा घातला आणि सायकल काढून थेट कॉलेज रोड गाठला. छायाताईंसमोर हात जोडून तो उभा राहिला. "बाई, ती डिस्क मी उघडली. माझी पोर निर्दोष हाय. तिला कायम करा. शिक्षा मला द्या."

त्याला वाटलं होतं, बाई उठतील, बसा म्हणतील, पाणी देतील. छायाताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे रूपाली आमच्याशी खोटं बोलली."

"माझ्यासाठी बोलली बाई. लय गुणी पोर हाय ती."

"गुणी असेल. पण मिस्तरी, विहिरीवर ती एकटी जाते. पाणी किती खोल आहे, हे ती सांगेल तेच आम्ही खरं मानतो. मागून तपासायला कोणी जात नाही. त्या आकड्यांवर पाड्याला विहीर मिळते, नाहीतर मिळत नाही. मायेपोटी जी एकदा खोटं बोलली, ती एखाद्या पाड्याची दया येऊन पुन्हा बोलणार नाही, हे मी कशावरून धरू?"

त्या बाई दुष्ट नव्हत्या, हेच वाईट होतं. त्यांचं म्हणणं लहानूलाही पटलं.

रूपाली त्या दिवशी दुपारीच घरी आली. ऑफिसातला तिचा डबा आणि विहिरीत सोडायचा टेप तिच्या हातात होता. लहानू ओट्यावर होता. ती ओरडली असती, रडली असती, तर त्याने बरं मानलं असतं.

"आण्णा, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" ती म्हणाली, आणि आत गेली.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. लहानूच्या बाबतीत तर गणपती दोनदा करायला घेतला होता, आणि दोन्ही वेळा जीव ओतून.

पुढे रूपाली पंचवटीतल्या एका दुकानात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला लागली. घरी आणलेलं काम ती त्याच काळ्या लॅपटॉपवर करायची. विहिरी मोजायच्या लॅपटॉपवर आता 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' उमटायचं. तिने बापाशी बोलणं टाकलं नाही. जेवलात का, औषध घेतलं का, दार लावून घ्या, सगळं विचारायची. लॅपटॉप मात्र उत्तम चालायचा. भारनियमनात वीज ये-जा करायची, एकदा तो मांजरीने फळीवरून पाडला, तरी त्याला काही झालं नाही. ट्यूबची गादी चोख होती. लहानूच्या हातची ती शेवटची चांगली दुरुस्ती, आणि तिच्याकडे बघायची त्याला चोरी.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात एकदा त्या लॅपटॉपच्या मुठीचा स्क्रू ढिला झाला. मूठ डुगडुगायला लागली. लहानू ओट्यावर हत्यारांचा डबा मांडून बसला होता. त्याला आतूनच तो खुळखुळ आवाज ऐकू आला. साधा फुलीच्या खाचेचा स्क्रू, दोन पिळ्यांचं काम. त्याने डब्यातून बरोबर मापाचा पेचकस काढला, सदऱ्याला पुसला आणि हातात धरून वाट बघत राहिला.

रूपाली लॅपटॉप घेऊन बाहेर आली. तिने चपला घातल्या.

"आण्णा, एम. जी. रोडला जाऊन येते," ती म्हणाली. "संतोषकडून एवढा स्क्रू पिळून आणते."

आणि त्याच्या हातातल्या पेचकसाला धक्का लागू नये, म्हणून जरा बाजूने पाय टाकत ती ओटा उतरून गेली.