पाताळगंगेच्या काठावरचं घर

लग्नानंतर आम्ही खालापूरजवळ पाताळगंगेच्या काठावर घर बांधलं. पहिल्याच पावसाळ्यात पाणी अंगणाच्या कडेला लागलं, तेव्हा यांनी काठावर बांबू रोवून त्यावर कोयत्याने खुणा केल्या. पाऊस लागला की हे सारखे जाऊन पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते बघायचे. मी जेवण वाढून वाट बघत बसायचे.

आम्हाला भीती होती ती पाणी चढण्याची. पण एका वर्षी पूर ओसरला आणि सकाळी बघतो तर बांबूच जागेवर नव्हता. नदीने खालून माती खाल्ली होती. परसातला आंबा मुळासकट गेला होता आणि मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती.

"पाणी तर उतरलं होतं गं," हे म्हणाले. "मी बघत होतो ना."

"आता काय करायचं?"

"काय नाय करता येणार. काठच नाय रायला."

आम्ही मोहोपाड्याला माझ्या भावाकडे गेलो. हे तिथेच कारखान्यात लागले. पुढच्या पावसात उरलेलं घरही गेल्याचं कुणीतरी सांगितलं. बघायला आम्ही दोघंही गेलो नाही.