सुभेदाराच्या पेटीची कडी

सुलाबाईचा राग साऱ्या गावाला ठाऊक. दुधात पाणी दिसलं की ती गवळ्याची किटली त्याच्या देखत गटारीत ओतायची. पण घरात तिचं काही चालत नसे. नवरा दादासो रिटायर सुभेदार, आणि रिटायर होऊनही त्यांनी पलटण काही सोडली नव्हती. फक्त पलटणीत आता बायको, सून आणि नातू होते.

माजघरात त्यांची काळी पत्र्याची पेटी. वर पांढऱ्या रंगात नाव न् नंबर. दसऱ्याला सुलाबाई तिला हळदीकुंकू वाहायची. पेटीची कडी सैल होती, झाकण पडलं की आपसूक कोयंड्यात बसायची. सून क्रांतीने सांगून पाहिलं, "मामा, पोरं घरात लपाछपी खेळत्यात. ती कडी तेवढी काढूया."

"फौजीच्या पेटीला हत्यार लावायचं न्हाई," दादासो गुरगुरले. "पोरांस्नी शिस्त लावा."

सुलाबाईने राग गिळला आणि भाकरी थापत राहिली.

दर सव्वीस जानेवारीला दादासो पेटी रिकामी करून युनिफॉर्म, मेडलं बाहेर काढत आणि ऐटीत झेंडावंदनाला जात. यंदाही गेले. क्रांती अंगणवाडीतल्या कार्यक्रमाला गेली. पाच वर्षांचा नातू वीरधवल कणकण होती म्हणून घरी राहिला आणि शेजारच्या पूजाबरोबर खेळत बसला.

थोड्या वेळाने पूजा चुलीपाशी आली. "आज्जी, वीरू गावंना."

सुलाबाई हात पुसत माजघरात आली. सकाळी उघडी पडलेली पेटी बंद होती. कडी कोयंड्यात.

तिने कडी काढून झाकण उघडलं. पोर मुटकुळं करून पडलेलं, घामानं निथळत, ओठ काळेनिळे. तिने त्याला उचलून अंगणात आणलं, पाठ चोळली, हाका मारल्या. कितीतरी वेळाने त्याने मोठा श्वास ओढला, खोकला आणि मग भोकाड पसरलं.

दादासो आले तेव्हा सुलाबाई माजघरात छिन्नी-हातोडा घेऊन बसली होती, आणि पोरगं तिच्या पदराला धरून होतं. काय घडलं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. दादासोंचा चेहरा उतरला, पण जीभ सवयीनेच चालली.

"दोन फटके दे त्याला. आन् पेटीला हात लावू नगंस. लेह-लडाख बघितलंय त्या पेटीनं."

"आज नातवाचं मढं बघितलं असतं!" सुलाबाई कडाडली. "इतकी वर्सं म्या हिला कुंकू लावलं, जळ्ळा माझा हात. पोर ल्हान हाय, त्ये लपणारच. शिस्त त्याला कशाची लावता? ह्या पत्र्याला लावा!"

दादासो नातवासमोर खाली बसले. "आरं, मग वरडला का न्हाईस?"

वीरधवलने नाक ओढलं. "तुमीच सांगितलंय की, आबा. लपलेला फौजी आवाज करत न्हाई."

सुलाबाई पेटीकडे वळली. तिने छिन्नी कोयंड्याला लावली आणि सारा जोर एकवटून घाव घातला. पेटी सरकली, घाव निसटला.

दादासोंनी डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरली.

"हाण," ते म्हणाले.