पडेल पुढाऱ्याची नक्कल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — मुलाला तर नाहीच. ज्याला मराठी येत नाही त्याला नक्कलही कळत नाही, असं मी एकदा धरून चालले होते. याला काय म्हणायचं? तेव्हा मी बासष्टची, म्हणजे तशी पोरच, आणि सिंगापुरात, बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत माझ्याइतकी हुशार बाई दुसरी नाही अशी माझी खात्री. खात्री अजून आहे म्हणा.

खालच्या मजल्यावर मॅक राहायचा. स्कॉटलंडचा माजी खासदार. लंडनच्या पार्लमेंटात वर्षानुवर्षं बसला, मग निवडणुकीत पडला आणि इथे एका कंपनीचा सल्लागार होऊन आला. पण खासदारकी अंगातून जाते का? लिफ्ट बंद पडली की बायका मॅनेजमेंट ऑफिस सोडून त्याच्याकडे जायच्या, आणि तोही मान डोलावत सगळं ऐकून घ्यायचा. मला सगळे आजी म्हणत, म्हणून तोही.

एका सकाळी स्विमिंग पूलपाशी त्याने मला निकालाची रात्र सांगितली. स्टेजवर उमेदवार ओळीने उभे, आकडे वाचले जातायत — आणि वर बघावं लागू नये म्हणून हा टायने चष्मा पुसतोय. पुसतोच आहे. बायकोलाही हे बोललो नाही, म्हणाला.

आणि मी काय केलं? गणपतीत, फंक्शन रूममध्ये, नऊवारीवर मुलाचा टाय बांधून नेमकं तेच करून दाखवलं. लोक हसून लोळले. मला चढत गेलं — मी आणखी पुसला. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तो वेगळाच. पहिल्या रांगेत मॅक, मीच आग्रहाने बोलावलेला, टाळ्या वाजवत होता.

पण हा झाला आगाऊपणा. खरं सांगायचंय ते पुढचं. प्रसाद घेऊन तो माझ्याजवळ आला आणि त्याने हळूच विचारलं, नक्कल केलीत ते गृहस्थ कोण? तेव्हा चुकले म्हणता आलं असतं. जीभ झिजली असती का? मी बेधडक सांगितलं — माझे धाकटे दीर, गावाकडे नगरपालिकेला पडले.

मला दीरच नाही.

त्यानंतर पूलपाशी तो माझ्या बाकावर कधी बसला नाही. त्या संध्याकाळी निघताना मात्र अगदी अदबीने म्हणाला,

“दीर भले दिसतात, आजी. त्यांना माझा निरोप द्या — हरल्याची गोष्ट माणूस बघून सांगावी.”